कूस बदलताना

डिसेंबर-जानेवारीत आमच्या सातारा-सांगलीकडे दोन गोष्टी ठरलेल्या असायच्या, गुऱ्हाळं आणि डोळ्यांची शिबिरं. साखर कारखाना नाहीतर एखादं मंडळ पुढाकार घ्यायचं. गावच्या शाळेची बाकं व्हरांड्यात रचली जायची, वर्गांत सतरंज्या पडायच्या, त्यांवर घरून आणलेल्या वाकळा आणि वाकळांवर ओळीनं निजलेली मोतीबिंदूची म्हातारी माणसं. फळ्यावर गुरुजींचा सुविचार तसाच. डॉक्टर मंडळी दिवसभर ऑपरेशनं उरकून रात्री जीपनं परत जायची. मागे उरायचो आम्ही सिस्टर, दोन मावश्या आणि एक पेट्रोमॅक्स.

सत्तरच्या दशकातलं मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे डोळ्याला मोठा छेद. आतलं भिंग काढून टाकायचं, त्याजागी नवं काही बसवायचं नाही. मग पेशंटनं उताणं निजून राहायचं. मान हलू नये म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, कुंथायचं नाही. ऑपरेशन एकाच डोळ्याचं असलं तरी पट्टी दोन्ही डोळ्यांवर, कारण उघडा डोळा फिरला की झाकलेलाही त्याच्याबरोबर फिरतो. खाणं, पिणं, पॉट, सगळं आमच्या हातून. आयुष्यभर घरातल्या सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर शेवटी जेवलेल्या बायकांना आम्ही चमच्यानं शिरा भरवायचो. त्या आधी लाजायच्या, मग सरावायच्या आणि दुसऱ्या दिवशी "बाई, मशेरी तेवढी लावू दे की गं" म्हणून मागे लागायच्या. मशेरी लावली की थुंकायला उठणं आलं, म्हणून नकार. पुरुषांच्या वर्गात हेच युद्ध बिडीवरून.

रात्री मात्र काही जणांचं बिनसायचं. दिवसा शहाण्यासारखी बोलणारी आजी दोनच्या सुमाराला उठून बसायची, पट्टी ओढायची, म्हैस पान्हवलीय म्हणायची. कुणाला वर्गात पाणी शिरल्यासारखं वाटायचं, कुणी वीस वर्षांपूर्वी गेलेल्या भावाशी भांडायचं. बरोबर आलेले नातेवाईक घाबरून जायचे. शाळेच्या मागे वड असला की बाहेरचं काहीतरी लागलं यावर एकमत व्हायला वेळ लागत नसे. आमच्या इनचार्ज बाई तिथे यायच्या, ऑपरेशन न झालेल्या डोळ्यावरची पट्टी सैल करून वर सारायच्या, कंदील जवळ आणायच्या आणि आजीचा हात धरून तिच्या गावाचं, लेकीचं, म्हशीचं नाव विचारत बसायच्या. पंधरा-वीस मिनिटांत आजी ठिकाणावर. याला डेलिरियम म्हणतात, म्हाताऱ्या माणसाचे डोळे-कान बंद करून त्याला अनोळखी जागी ठेवलं की तो होऊ शकतो, हे पुस्तकात मी पुष्कळ नंतर वाचलं. बाईंनी ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. त्यांनी म्हातारी माणसं वाचली होती.

आता मोतीबिंदूला वीसेक मिनिटं लागतात. बारीक छेद, आत घडीचं भिंग, काळा चष्मा, संध्याकाळी माणूस घरी जाऊन टीव्हीसमोर बसलेलं. तेव्हा ऑपरेशननंतर जो चष्मा मिळायचा तो सोडावॉटरच्या बाटलीचं बूड कापून बसवल्यासारखा जाड, आणि त्यातून बाजूचं काही दिसायचं नाही, म्हणून तो लावून लोक उंबऱ्याला अडखळून पडायचे. ते दिवस परत यावेत असं माझ्याच्यानं म्हणवणार नाही. शिबिरांतली गंमत आम्हा तरण्या पोरींची होती. उताण्या पडलेल्या माणसाला विचाराल तर तो वेगळं सांगेल.

१९७४ साली मी ट्रेनिंगला गेले. नर्सिंगला मुलगी घालायची म्हटल्यावर आमच्या आळीत काय काय बोललं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. खरं तर पुण्यात गेल्या शतकाच्या पहिल्या-दुसऱ्या दशकातच रमाबाई रानड्यांच्या सेवासदनानं मुलींना, त्यातही बालविधवांना, ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं होतं. मिरजेला वानलेसांचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासून उभं आणि तिथे नर्सिंग शिकलेल्या मुली गावोगाव पसरलेल्या. पण "परक्या पुरुषाचं अंग पुसणारी" हा शिक्का साठ-सत्तर वर्षं झाली तरी पुसला गेला नव्हता. दुसरा शिक्का जातीचा. माझ्या बॅचमधल्या निम्म्याहून जास्त मुली ख्रिश्चन नाहीतर नवबौद्ध. मेल मेडिकलला एक आजोबा पाण्याचा ग्लास हातात घेण्याआधी सिस्टरचं आडनाव विचारायचे. आमच्यातली एक तोंडाळ होती, ती सांगायची, "आडनाव सरकार. पाणी पण सरकारचं." आजोबा प्यायचे. तहान असते ना.

पहिले काही महिने आमच्या हाती सिरिंज आलीच नाही. बेड मेकिंग, स्पंजिंग, माउथ केअर, बॅक केअर. चादरीचा कोपरा दुमडायची एक पद्धत, तिला जराशी सुरकुती राहिली तर ट्यूटर अख्खा बिछाना उपसून टाकायच्या. तेव्हा राग यायचा. म्हाताऱ्या माणसाच्या पाठीखालची सुरकुती म्हणजे दोन दिवसांनी जखम, हे नंतर वॉर्डानं शिकवलं.

बॅक केअरचा तास सकाळी डॉक्टरांच्या राउंडच्या आधी असायचा. दोघी जणी एका कॉटला. एक पेशंटला आपल्याकडे वळवून धरणार, दुसरी काम करणार. खाली मॅकिंटॉश, म्हणजे रबरी चादर, वर ड्रॉ शीट. कोमट पाणी, साबण, ओला हात, कोरडा हात. मग तळहातावर स्पिरिट घेऊन माकडहाडापासून वर, खांद्यापर्यंत, गोल गोल. मग पावडर. टाचा, घोटे, कोपर, कानाच्या पाळ्या, डोक्याची मागची बाजू, जिथे जिथे हाड कातडीला टेकतं ते सगळं बघायचं. लाल दिसलं तर बोट दाबायचं. बोट उचलल्यावर पांढरं होऊन पुन्हा लाल झालं तर वेळ आहे. लालच राहिलं तर आपल्याला उशीर झाला. मेट्रन राउंडला आल्या की केसपेपर नंतर, आधी पेशंटच्या पाठीखाली हात. त्या हाताला ओल लागली तर त्या वॉर्डाची त्या दिवशी खैर नसे.

गंमत अशी की यातलं अर्धं आता बाद झालंय. स्पिरिटनं म्हातारी कातडी आणखी कोरडी पडते. लाल झालेली जागा चोळायची नसते, आतल्या रक्तवाहिन्या आणखी दुखावतात. माकडहाडाखाली आम्ही जी हवेची रबरी रिंग सारायचो तिनं भोवतालचा रक्तपुरवठा कमी होतो. म्हणजे स्पिरिट, पावडर, रिंग यांनी काही साधत नव्हतं. साधत होतं ते नेमानं कूस बदलल्यानं, कोरडं ठेवल्यानं आणि रोज कुणीतरी ती पाठ उजेडात बघितल्यानं. पुस्तकं बदलली तरी या तीन गोष्टींना अजून कुणी हात लावलेला नाही.

याचा मोठा दाखला मुंबईतच आहे. केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ ला रुग्णालयातच हल्ला झाला. त्यानंतर मे २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या तिथल्या एका खोलीत पडून होत्या. पंचविशीतली मुलगी त्या खाटेवर सहासष्ट वर्षांची झाली. तिथल्या सिस्टरांच्या पिढ्या बदलल्या. ज्यांनी अरुणाला कधी चालताना पाहिलं नव्हतं अशा मुली नोकरीला लागून निवृत्त झाल्या, आणि त्यांनी तिला भरवलं, पुसलं, वळवलं. इतक्या वर्षांत अंगाला बेडसोर नाही, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयात दयामरणाचा खटला चालला तेव्हा देशाला कळली. २०११ च्या त्या निकालात न्यायालयानं केईएमच्या नर्सेसची वाखाणणी केली आहे. कायद्याच्या लोकांनी त्या निकालात दयामरण वाचलं. आम्ही वाचली ती पाठ. चार दशकांतली एकूण एक ओव्हर नीट दिली-घेतली गेल्याशिवाय असं होत नाही. ओव्हर म्हणजे ड्यूटी संपवणारीनं ड्यूटीवर येणारीला कॉटपाशी उभं राहून पेशंट सोपवणं. कागद सोपवणं वेगळं.

पण तेव्हाच्या वॉर्डाबद्दल फार गहिवरायला नको. खुब्याचं हाड मोडलेली म्हातारी आली की ऑर्थोच्या वॉर्डात एक ठरलेला देखावा असायचा. पायाला चिकटपट्टी, तिला दोरी, दोरीला वजन आणि ते वजन पेशंटला खाली ओढू नये म्हणून कॉटच्या पायथ्याच्या पायांखाली विटा. अशी तीन-तीन महिने. ऑपरेशनं होत नव्हती असं नाही, पण "या वयात भूल कुठे देता" हे पालुपद. हाड जुळायच्या आधी छातीत कफ भरायचा, नाहीतर पाठ जायची. नातेवाईक आधी रोज यायचे, मग बाजाराच्या दिवशी, मग पेरणी आटपल्यावर. आम्ही करायचं ते सगळं करायचो, आणि तरी कितीतरी जणी त्या विटांच्या उतारावरच गेल्या. डेथ सर्टिफिकेटवर काहीही लिहिलेलं असो, सगळ्यांच्या तोंडी कारण एकच, वय झालं होतं. आज पंच्याऐंशीच्या आजीचंही ऑपरेशन एक-दोन दिवसांत करायची घाई असते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपिस्ट आणि सिस्टर मिळून तिला वॉकर धरून उभी करतात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला त्या विटा आठवल्या आणि मी तोंड फिरवून वॉर्डाबाहेर गेले.

"वय झालं" हे तेव्हा औषधासारखं वापरलं जायचं. विसरतात? वय झालं. झोप नाही? वय झालं. जेवत नाहीत, तोल जातो, कपड्यात लघवी होते? आता वय झालं, बाई. चांगली सिस्टर आणि नुसती सिस्टर यांतला फरक मी याच एका गोष्टीवरून करायला शिकले. चांगली विचारायची, कालपर्यंत होत होतं का? काल बोलत होते आणि आज बरळतायत, तर ते वय नव्हे, वय एका रात्रीत होत नाही. लघवी बघा, ताप नसला तरी इन्फेक्शन असतं, म्हाताऱ्यांना ताप येईलच असं नाही. चार दिवस शौचाला झालंय का बघा. पाणी किती प्यायलेत? बीपीसाठी लघवीची गोळी चालू आहे आणि जुलाबही झालेत, तर सोडियम उतरलं असेल. कवळी कुठे गेली? जेवत नाहीत म्हणून टॉनिक लिहिलेल्या एका आजोबांची कवळी उशीच्या अभ्र्यात सापडली होती, आणि टॉनिक आठवडाभर चालू होतं.

बेनेडिक्टची आठवण आज कुणाला असेल? परीक्षानळीत पाच मिली निळं द्रावण, स्पिरिटच्या दिव्यावर उकळी, त्यात लघवीचे आठ थेंब, पुन्हा उकळी. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी, विटकरी अशी चढती भाजणी. डायबेटिसच्या वॉर्डात सकाळी नळ्यांचा स्टँड रंगपंचमीला बसायचा आणि आजोबा लोक आपापला रंग बघायला कॉटवरून माना लांब करायचे. "सिस्टर, आज हिरवा आला की! जिलबी चालंल?" चालायची नाही. शिवाय उतारवयात रक्तात साखर पुष्कळ चढेपर्यंत मूत्रपिंड ती लघवीत सोडत नाही, म्हणजे निळ्या रंगावरही विसंबायची सोय नाही. आज बोटाला टोचलं की पाच सेकंदांत आकडा. मला या यंत्राचा फार आदर आहे. तक्रार एवढीच की आकडा मिळाला की माणसाकडे बघायचं राहून जातं. साखर उतरली की तरुणाला दरदरून घाम फुटतो, थरथर होते. आजी नुसती गप्प बसते, नाहीतर भलत्याच नावानं हाक मारते. तेव्हा यंत्र कपाटातून काढावं हे यंत्र सांगत नाही.

आणि घरी? आपल्याकडे स्मरणरंजनाची सगळी मदार या घरावर असते. वाडा, ओटी, आजोबांची आरामखुर्ची, नातवंडं पाय चेपतायत. मी पुढे काही वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात होते तेव्हा ही घरं आतून पाहिली. गावात नर्सबाईचं काम बाळंतपणं, लशी आणि कुटुंबनियोजन. म्हाताऱ्यांसाठी वेगळं काही करा असं आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. वाटेत कुणी हाक मारली तर आत जायचं, बीपी बघायचं, उकळलेल्या सुईनं बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन द्यायचं. म्हाताऱ्यांचा त्या लाल इंजेक्शनावर भारी जीव. बाकी सगळी शुश्रूषा घरातली सून करायची. पक्षाघात झालेल्या सासूचं सगळं अंथरुणात, तेही बारा-बारा वर्षं, शेतावर जाऊन, पोरं सांभाळून. पाठीला जखम न होऊ देणाऱ्या अडाणी सुना मी पाहिल्यात. अंथरूण बघवणार नाही अशी घरंही पाहिलीत. पहिलीला कुणी शिकवलं नव्हतं आणि दुसरीला कुणी विचारलं नव्हतं. दोघींनाही मोबदला नव्हता, सुट्टी नव्हती, बदली ड्यूटी नव्हती. "आपल्याकडे म्हाताऱ्यांना घरात मान होता" हे वाक्य मला पुरुषांकडून जास्त ऐकू येतं.

शिवाय तेव्हा म्हातारी माणसं होती किती? १९५० च्या आसपास या देशात जन्मणाऱ्या मुलाचं सरासरी आयुर्मान बत्तीस-तेहतीस वर्षं होतं. त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा हे खरं, तरीही सहस्रचंद्रदर्शन म्हणजे पंचक्रोशीत बोलबाला. आता आमच्या सोसायटीत वर्षाला दोन-तीन होतात आणि केटरर तोच असतो. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठीपुढची माणसं दहा टक्क्यांच्या जवळ पोचली होती. त्याच सुमाराला, २०१०-११ मध्ये, वृद्धांच्या आरोग्यासाठी केंद्राचा वेगळा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. जिल्हा रुग्णालयात वृद्धांची ओपीडी आणि दहा खाटांचा वॉर्ड असं त्याचं रूप. मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. तोवर म्हातारी माणसं मेडिकल, सर्जिकल, ऑर्थो अशी विखुरलेली असायची, जिथे जागा मिळेल तिथे, पुष्कळदा फ्लोअर बेडवर. २०२४ च्या अखेरीपासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न काहीही असो, आयुष्मान भारत योजनेखाली पाच लाखांपर्यंत इस्पितळाचं संरक्षण आहे. चांगलं आहे. पण म्हातारपणाची वर्षं घरात जातात, इस्पितळात जातात ते फक्त दिवस.

इस्पितळं देखणी झाली. पांढरी कडक साडी आणि डोक्यावरची टोपी जाऊन सुटसुटीत पँट-ट्युनिक आले, बरं झालं. त्या साडीत पेशंट उचलताना निऱ्या पायात यायच्या. पुरुषांच्या वॉर्डात ब्रदर आले. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. आमच्या वेळी आजोबा लाजेनं लघवी धरून ठेवायचे, वॉर्डातला मामा कधी येतो याची वाट बघत. कॅथेटर घालायला विशी-बाविशीची सिस्टर समोर उभी राहिली की भिंतीकडे तोंड करायचे. आता ब्रदर येतो, "चला काका" म्हणतो, विषय संपला. केरळच्या मुली तेव्हाही होत्या, त्या पेशंटांकडूनच मराठी शिकायच्या, आणि कोल्हापूरकडच्या पेशंटांकडून शिकल्या तर डॉक्टरांनाही "काय करालायसा?" विचारायच्या.

पण मागच्या वर्षी एका नातेवाईक बाईंपाशी मोठ्या खासगी रुग्णालयात काही दिवस बसले होते. सिस्टर पोरी हुशार, चपळ. मॉनिटरकडे त्यांचं लक्ष, पंपाकडे लक्ष, आणि उरलेला सगळा वेळ कॉम्प्युटरवर. दर तासाच्या नोंदी, विम्याच्या नोंदी, मानांकनाच्या नोंदी. "पडण्याचा धोका: जास्त" असा पिवळा पट्टा बाईंच्या मनगटावर बांधलेला आणि चष्मा हात पोचणार नाही अशा कपाटात. श्रवणयंत्र घरी, हरवेल म्हणून. रात्री त्या गोंधळल्या, सलाईन ओढायला लागल्या, तेव्हा हात मऊ पट्ट्यांनी कॉटला बांधले. आम्हीही बांधायचो, गॉजच्या बँडेजनं, तेव्हा तोंड वर करून मी काही बोलणार नाही. मी चष्मा लावला, लेकाला श्रवणयंत्र आणायला पिटाळलं, घड्याळ दिसेल असं कॉटचं तोंड फिरवून घेतलं. सिस्टरनं ते पाहिलं आणि मनापासून म्हणाली, "मॅडम, मलाही माहितेय हो हे. माझ्याकडे आठ पेशंट आहेत." तिचं खरं होतं. आमच्याकडे चाळीस असायचे, पण तिथे मावश्या होत्या, ट्रेनिंगच्या मुली होत्या, आणि नोंदीला एक पान पुरायचं.

मग शिकलेली सिस्टर आहे कुठे? बरीचशी परदेशाच्या वाटेवर आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, त्यात नर्सेसही आहेत. मुली जर्मन शिकतायत. त्यांच्या जाण्याला माझी हरकत नाही, इथल्या छोट्या नर्सिंग होममध्ये त्यांच्या हातावर जे टेकवलं जातं ते ऐकलं तर तुमचीही नसेल. पण हिशेब मांडून बघा. तीन-चार वर्षं शिकलेली आपली मुलगी तिकडच्या आजोबांची कूस बदलणार, आणि इकडच्या आजोबांची कूस बदलायला नर्सिंग ब्युरोतून येणार परभणी-जालन्याकडची, कर्ज डोक्यावर घेऊन पुण्यात आलेली, फार तर सहा महिन्यांचा कोर्स केलेली पोर. घरचे तिला "सिस्टर" म्हणून हाक मारतात, पगार मोलकरणीच्या हिशेबानं देतात, त्यातला वाटा ब्युरो कापून घेतो, आणि अपेक्षा मात्र आयसीयूची.

या पोरींशी माझी आता रोजची गाठ. निवृत्तीनंतर पुण्यात आले, सोसायटीत कळलं की ही सिव्हिलची जुनी सिस्टर, मग बेल वाजायला लागली. नळी निघाली, साखर किती आली, हे लाल कशानं झालंय. मी सोडवून देण्याऐवजी शिकवायला लागले, कारण मी सत्तरीची, दर वेळी जिने कोण चढणार? पक्षाघाताच्या पेशंटला भरवताना ताठ बसवायचं, हनुवटी छातीकडे, घोट लहान, जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. उठवताना आधी बसवायचं, पाय खाली सोडायचे, दोन मिनिटं गप्पा मारायच्या, मग उभं करायचं, नाहीतर बीपी उतरून माणूस पडतो. चाळीसच्या इन्सुलिनला लाल टोपणाची सिरिंज, शंभरच्याला नारिंगी, याची त्याला लावायची नाही. तीन डॉक्टरांच्या गोळ्या एका ताटात ओतून बघायच्या. दोन वेगळ्या नावांनी एकच गोळी दोनदा चालली आहे, हे मी एवढ्यातच दोन घरांत पाहिलं. पोरी पटापट शिकतात. फोनवर रेकॉर्ड करून घेतात आणि गावाकडच्या मैत्रिणीला पाठवतात, तीही कुठेतरी मुंबईत कुणाचे तरी आजोबा सांभाळत असते.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांकडे अशीच एक आहे. आजोबांची उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली, समज शाबूत. मुलानं भाड्यानं एअर बेड आणला, मोटर लावली आणि आता कूस बदलायला नको अशी सगळ्यांची समजूत झाली. ब्युरोवाल्यानंही तेच सांगितलं होतं. मी तिला माकडहाडावरची लाली दाखवली, बोट दाबून पांढरं होतंय का ते बघायला लावलं, पाठीमागे तिरकी उशी कशी द्यायची, पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी कशी ठेवायची ते दाखवलं. तिनं सगळं नीट करून बघितलं आणि मग मला विचारलं, "मावशी, दोन तासांनी म्हणता. माझी ड्यूटी आठ ते आठ. रात्रीचं कोण?"

मुलाला बोलावलं. पंचावन्नचा, मोठ्या कंपनीत, रात्री अमेरिकेशी बोलणारा. रात्रीची बाई परवडते, पण त्याला घरात आणखी एक परकं माणूस नको. मग तू कर, म्हटलं. जागाच असतोस. तो आधी हसला. वडिलांच्या अंगाला हात लावायची त्याला सवय नव्हती, ते त्याच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. पोरीनं त्याला चादर धरायला शिकवली, ओढायचं नाही, उचलायचं, नाहीतर कातडी सोलते. कोपऱ्यावरच्या दुकानातून दोनशे पानी वही आली. तारीख, वेळ, डावी, उजवी, उताणं, सही. आठ ते आठ तिची, आठ ते आठ त्याची.

परवा सकाळी मी गेले तर दोघांचं वाजलेलं. वहीत तिच्या गोलसर अक्षरात लाल पेननं, "रात्री ४ ची कूस राहिली. डाव्या घोट्याला लाल. काकांनी ओव्हर दिली नाही, झोपले होते." त्याचं म्हणणं, लाल पेन कशाला? तिचं म्हणणं, निळं संपलंय.